चौरस हा आयत आहे का? चौकोनांच्या व्याख्या आणि वर्गीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहरातली आणि खानापूर भागातली मुलं संध्याकाळी माझ्याकडे गणिताला येतात. कुणी मराठी माध्यमाचं, कुणी कन्नड, कुणी इंग्रजी. एकाच सतरंजीवर तीन भाषांतली पुस्तकं उघडली जातात. चौकोनांचा धडा आला की एकाच आकृतीला तीन नावं ऐकू येतात आणि दरवर्षी तेच प्रश्न निघतात. पालकही विचारतात, एकदा तर एका गवंड्याने विचारलं. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं.

चौकोन म्हणजे नेमकं काय? चार बाजू असल्या की झाला का?

जवळपास झाला, पण पुरता नाही. कागदावर चार बिंदू घ्या, त्यांतले कुठलेही तीन एका रेषेत नकोत. ते क्रमाने चार रेषाखंडांनी जोडा आणि शेवटचा रेषाखंड पहिल्या बिंदूवर आणून मिळवा. हे रेषाखंड फक्त टोकांशीच एकमेकांना भेटले पाहिजेत, मध्येच छेदता कामा नयेत. शेवटची अट सोडली तर मुलं मराठी चारच्या आकड्यासारखी, फुली पडलेली आकृती काढून आणतात आणि "हापण चौकोनच की" म्हणतात. शाळेच्या गणितात तो चौकोन धरत नाहीत.

आपण बोलताना "चौकोनी डबा" म्हणतो तेव्हा मनात काटकोन असतात. गणितात तसं काही गृहीत नाही. वेडावाकडा बांध असलेला शेताचा तुकडा, त्याला चार सरळ बाजू असतील तर तोही चौकोनच.

चारही कोनांची बेरीज नेहमी ३६० अंशच का?

एक कर्ण काढा, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे जोडा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि प्रत्येकाचे कोन १८० अंश. एवढंच आहे.

एक कोपरा आत गेलेला असेल तर?

तरीही चौकोन. त्याला अंतर्वक्र चौकोन म्हणतात. त्याचा एक कोन १८० अंशांपेक्षा मोठा असतो आणि एक कर्ण आकृतीच्या बाहेर पडतो. बेरीज मात्र ३६० अंशच राहते, फक्त त्रिकोण पाडताना आतून जाणारा कर्ण घ्यायचा. खाली आयत, समभुज वगैरे जे येतात ते सगळे बहिर्वक्र, म्हणजे एकही कोपरा आत न गेलेले.

कन्नड शाळेत याला चतुर्भुज म्हणतात. चौकोन वेगळा आणि चतुर्भुज वेगळा का?

नाही, आकृती तीच. मराठीने कोन मोजले, कन्नडने भुजा मोजल्या. इंग्रजीतला क्वाड्रिलॅटरल हा शब्दही बाजूच मोजतो. आपल्याकडच्या मुलांना हे शब्द एकत्र लावून पाहायला मी मुद्दाम सांगतो, कारण मराठी माध्यमातून दहावी झालेलं मूल पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतं तेव्हा एका सुट्टीत सगळी नावं बदलतात.

आयत कन्नडमध्येही आयतच, इंग्रजीत रेक्टँगल. चौरसाला कन्नडमध्ये वर्ग किंवा चौक म्हणतात, इंग्रजीत स्क्वेअर. समांतरभुज चौकोन तिथे समांतर चतुर्भुज होतो, इंग्रजीत पॅरललोग्राम. समभुज चौकोनाला कन्नड नाव वज्राकृती, म्हणजे हिऱ्याच्या आकाराचा, इंग्रजीत ऱ्हॉम्बस. समलंब चौकोन कन्नडमध्ये त्रापिज्य, इंग्रजीत ट्रॅपेझियम. आणि पतंग म्हणजे गाळीपट, म्हणजेच काइट.

माझा अनुभव असा की ज्या मुलाला ही तिन्ही नावं येतात, ते "समभुज म्हणजे काय" विचारल्यावर नाव घोकत बसत नाही, चार सारख्या बाजू काढून दाखवतं. सीमाभागातल्या मुलांच्या हातात आलेली ही एक चांगली गोष्ट आहे आणि शिक्षकांनी तिचा उपयोग करावा असं मला मनापासून वाटतं.

चौरसाला आयत म्हणायचं? असं कसं म्हणालायसा सर?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

आयताची व्याख्या नीट वाचा: ज्याचे चारही कोन काटकोन आहेत तो चौकोन म्हणजे आयत. यात बाजूंच्या लांबीबद्दल एक अक्षर नाही. "एक बाजू मोठी, एक लहान" हे आपण पुस्तकातली चित्रं पाहून मनाने घातलेलं. आता चौरस समोर ठेवा. चारही कोन काटकोन आहेत का? आहेत. मग तो आयत आहे. शिवाय त्याच्या चारही बाजू सारख्या आहेत, हा त्याचा जादा गुण. शहापूरचा माणूस बेळगावकर असतोच, पण प्रत्येक बेळगावकर शहापूरचा नसतो. चौरस आणि आयत यांचं नातं तसंच.

पालक विचारतात, असं कशाला करायचं, दोन वेगळी खोकी ठेवली तर काय बिघडलं? बिघडत नाही, पण काम दुप्पट होतं. आयताचे कर्ण समान असतात हे एकदा सिद्ध केलं की चौरसाचेही कर्ण समान हे आपोआप मिळतं. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात हे सिद्ध केलं की आयत, समभुज आणि चौरस या तिघांनाही ते लागू झालं. खोकी वेगळी ठेवली तर प्रत्येकासाठी तीच सिद्धता पुन्हा लिहावी लागते. व्याख्या सामावून घेणारी असली की एक सिद्धता चौघांना पुरते.

"दोन्ही वेगळे" म्हणणाऱ्यांना जुना आधार मात्र आहे. इसवी सन पूर्व ३००च्या सुमारास युक्लिड या ग्रीक गणितीने आपल्या एलिमेंट्स या ग्रंथाच्या पहिल्या खंडात चौकोनांच्या व्याख्या दिल्या. त्यात लांबट आयताची व्याख्या काटकोन असलेला पण समान बाजू नसलेला अशी आहे. म्हणजे त्याच्याकडे चौरस हा आयत नव्हता. आपल्या शुल्बसूत्रांतही, म्हणजे यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांतही, समचतुरश्र (चौरस) आणि दीर्घचतुरश्र (लांबट आयत) अशी दोन वेगळी नावं येतात. व्याख्या ही माणसांनी विचार करून ठरवलेली गोष्ट आहे. पुढे गणित वाढलं तशी सामावून घेणारी व्याख्या सोयीची ठरली आणि आज तीच शिकवतात.

दुकानात "आयताकृती टेबल द्या" म्हटल्यावर दुकानदार चौरस टेबल देणार नाही, आणि तो चुकत नाही. बोलण्यात आपण नेहमी जास्तीत जास्त नेमकं नाव घेतो. परीक्षेतला प्रश्न मात्र व्याख्येचा असतो.

मग सगळ्या प्रकारांची उतरंड कशी लक्षात ठेवायची?

अटी वाढवत जा, म्हणजे पाठांतर लागत नाही. चौकोनापासून सुरू करा. संमुख, म्हणजे समोरासमोरच्या, बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर असल्या की समांतरभुज. त्यात चारही कोन काटकोन झाले की आयत. कोनांकडे न बघता चारही बाजू समान केल्या की समभुज. आयताची आणि समभुजाची, दोघांचीही अट ज्याने पाळली तो चौरस. वरून खाली येताना अटी वाढतात आणि आकृत्यांची संख्या घटते, गुणधर्म मात्र वरून मिळालेले सगळे टिकतात.

चौकोन समांतरभुज आहे हे दाखवायला काय काय चालतं?

चार वाटा आहेत. संमुख बाजूंच्या दोन्ही जोड्या समान दाखवा, किंवा संमुख कोनांच्या दोन्ही जोड्या समान दाखवा, किंवा कर्ण एकमेकांना दुभागतात हे दाखवा, किंवा एकच जोडी समांतरही आहे आणि समानही आहे हे दाखवा.

चौथ्या वाटेवर मुलं हमखास घसरतात. समांतर आणि समान ही एकाच जोडीची गोष्ट हवी. एक जोडी समांतर आणि दुसरी जोडी समान असेल तर समद्विभुज समलंब निघू शकतो: वर अरुंद, खाली रुंद, दोन्ही तिरक्या बाजू सारख्या. तो समांतरभुज नाही.

कर्णांवरून आकृती ओळखता येते का?

येते. वर्गात मी बांबूच्या कामट्यांनी दाखवतो. दोन कामट्या त्यांच्या मध्यावर एकत्र बांधा आणि चार टोकांभोवती दोरा ताणा. कामट्या कमीजास्त लांबीच्या असतील तर समांतरभुज दिसतो. त्याच कामट्या काटकोनात फिरवल्या की समभुज होतो. आता समान लांबीच्या दोन कामट्या घ्या: कुठल्याही कोनात ठेवल्या तरी दोरा आयतच दाखवतो, आणि काटकोनात आणल्या की चौरस. मुलांच्या हातात हे दिलं की उतरंड त्यांना न सांगता कळते, कारण कामट्या फिरवताना एक आकृती दुसरीत शिरताना डोळ्यांना दिसते.

बांधताना मध्य सोडला तर गोष्ट बदलते. कर्ण समान आहेत आणि काटकोनात आहेत, एवढ्यावरून "चौरस" लिहू नका. ते एकमेकांना दुभागतही असले पाहिजेत.

शंकरपाळी समभुज की समांतरभुज?

ते कातणं फिरवणाऱ्यावर आहे. पोळीवर आधी उभ्या समांतर रेषा, मग तिरक्या समांतर रेषा. प्रत्येक तुकड्याच्या संमुख बाजू समांतर, म्हणजे तो समांतरभुज तर झालाच. उभ्या रेषांमधलं अंतर आणि तिरक्या रेषांमधलं अंतर सारखं ठेवलं असेल तर तो समभुज होतो, मग तिरकेपणा कितीही असो.

कारण सोपं आहे. समांतरभुजाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची. कुठलीही बाजू पाया धरली तरी क्षेत्रफळ तेच येणार. दोन्ही उंच्या सारख्या असतील तर दोन्ही पायेही सारखेच असले पाहिजेत. दिवाळीत आईच्या किंवा आजीच्या शेजारी पट्टी घेऊन बसा आणि मोजून बघा.

पतंग म्हणजे नेमका कुठला चौकोन?

ज्याचा एक कर्ण दुसऱ्या कर्णाचा लंबदुभाजक आहे, म्हणजे त्याला काटकोनात छेदून त्याचे दोन सारखे भाग करतो, तो. बाजूंच्या भाषेत, लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान. समांतरभुजात संमुख बाजू समान असतात, इथे लगतच्या. एवढा एक शब्द सुटला की उत्तर चुकतं.

समभुज चौकोनात दोन्ही कर्ण एकमेकांचे लंबदुभाजक असतात, तेव्हा समभुज हाही पतंग आहे. काही पुस्तकं पतंगाच्या दोन जोड्या वेगवेगळ्या लांबीच्या असाव्यात असं म्हणतात, मग त्यांच्या हिशेबात समभुज बाहेर राहतो. आपल्या पुस्तकातली ओळ तपासून उत्तर लिहा.

समांतरभुज हा समलंब आहे का? दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात.

खरं आहे, इथे पुस्तकांत एकमत नाही. काही म्हणतात संमुख बाजूंची "एकच" जोडी समांतर, काही म्हणतात "किमान एक". पहिल्या व्याख्येने समांतरभुज बाहेर राहतो, दुसरीने आत येतो. परीक्षेत ज्या बोर्डाचं पुस्तक आहे त्याचीच व्याख्या वापरा, वाद घालू नका.

माझं मत मात्र सांगतो. मला "किमान एक" पटते. चौरसाला आयतात घेतलं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने समांतरभुजाला समलंबात घ्यावं. समलंबाचं क्षेत्रफळ म्हणजे समांतर बाजूंच्या बेरजेचं निम्मं गुणिले त्यांमधलं लंबांतर. समांतरभुजात दोन्ही समांतर बाजू सारख्या, तेव्हा तेच सूत्र पाया गुणिले उंची देतं. सूत्र त्याला आत घेतं, मग व्याख्येने बाहेर का ठेवावं? आणि आपला मराठी शब्द बघा: समलंब. दोन समांतर बाजूंमध्ये कुठेही लंब टाका, सगळे लंब समान. ही गोष्ट समांतरभुजातही तितकीच खरी आहे.

एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. "तिरक्या बाजू समान तो समद्विभुज समलंब" असं म्हटलं तर नव्या व्याख्येत प्रत्येक समांतरभुज समद्विभुज समलंब होऊन बसतो, आणि समद्विभुज समलंबाचे कर्ण समान हा गुणधर्म मोडतो. म्हणून सामावून घेणारी व्याख्या स्वीकारली की समद्विभुज समलंब ओळखताना पायाचे दोन कोन समान अशी अट घालावी लागते.

अमेरिकी व्हिडिओ पाहणाऱ्या मुलांसाठी: तिथे आपल्या ट्रॅपेझियमला ट्रॅपेझॉइड म्हणतात.

गोमुखी प्लॉट म्हणजे समलंबच ना?

पुढची आणि मागची हद्द समांतर असेल तर होय. समजा पुढे २८ फूट, मागे ३२ फूट आणि मधलं लंबांतर ४० फूट. बेरजेचं निम्मं ३०, गुणिले ४०, म्हणजे १२०० चौरस फूट, ३० बाय ४०च्या प्लॉटइतकंच. खोली मोजताना टेप बाजूच्या तिरक्या कुंपणाला लावू नका, लंबात धरा. तिरकी बाजू नेहमी लंबापेक्षा लांब भरते.

पाया आखताना गवंडी दोन्ही कर्ण का मोजतो? चार बाजू बरोबर असल्या तर पुरत नाही का?

पुरत नाही. हा प्रश्न मला गवंड्यानेच विचारला. त्याचे वडील असंच करत आले होते आणि त्याला कारण हवं होतं. असा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं.

३० बाय ४० घ्या. समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या, म्हणजे समांतरभुज नक्की झाला. पण खुंट्या थोड्या कलल्या तरी बाजू त्याच राहतात. काटकोन आहे की नाही हे बाजू सांगत नाहीत, ते कर्ण सांगतात. समांतरभुजाचे कर्ण समान असतील तर तो आयत. ३० आणि ४०च्या आयताचा कर्ण बरोबर ५० फूट, म्हणजे गवंड्याचा काटकोन तपासायचा तीन-चार-पाचचा गुण्याच दहा पटींनी मोठा केलेला.

कर्ण किती बारीक चूक पकडतात ते बघा. कोपरा ९०ऐवजी ८९ अंशांचा झाला, तर एक कर्ण साधारण ५०.४ फूट आणि दुसरा ४९.६ फूट भरतो. एका अंशाला सुमारे १० इंचांचा फरक! डोळ्याला न दिसणारा कल टेपवर लगेच दिसतो.

उलट चूकही करू नका. फक्त कर्ण समान आले म्हणून खूश होऊन बाजू मोजायच्या सोडल्या तर समद्विभुज समलंबही निघू शकतो. आधी बाजू, मग कर्ण.

शेताच्या चारही बाजू माहीत आहेत. क्षेत्रफळ किती?

चार बाजूंवरून सांगता येत नाही. ३०, ४०, ३०, ४० अशा बाजू असल्या तर आयताचं क्षेत्रफळ १२०० येतं. त्याच बाजूंचा ३० अंशांवर कललेला समांतरभुज घेतला तर ६००, अगदी निम्मं.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लीलावतीत हेच ठणकावून सांगितलं आहे: लंब किंवा कर्ण यांतलं काहीच न देता चौकोनाचं ठरावीक क्षेत्रफळ विचारणारा पिशाच म्हणावा, आणि उत्तर देणारा त्याहूनही मोठा. चौकोनाची स्थिती अनियत असते, हे त्यांचं म्हणणं. त्रिकोण तीन बाजूंनी पक्का होतो, चौकोन चार बाजूंनी होत नाही.

गावात अजूनही समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करतात. ब्रह्मगुप्त या गणितीने इ.स. ६२८मध्येच या रीतीला स्थूल, म्हणजे ढोबळ, म्हटलं होतं. आयत सोडला तर ही रीत नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच क्षेत्रफळ देते, त्यामुळे जमीन घेणाऱ्याचं नुकसान होतं. ३३ बाय ३३ फुटांचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, एक गुंठा. भाव गुंठ्यावर ठरत असेल तर हा फरक खिशाला कळतो. चार बाजूंसोबत आतून जाणारा एक कर्ण मोजा, दोन त्रिकोण करा आणि त्यांची क्षेत्रफळं मिळवा.

आपल्या भागात पूर्वी चौकोनांचं वर्गीकरण कसं करत?

नवव्या शतकात महावीराचार्य हे जैन गणिती राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेले. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. महावीराचार्यांनी चौकोनांचे पाच प्रकार सांगितले ते बाजू किती सारख्या यावरून: सम (चारही सारख्या), द्विद्विसम (दोन-दोन सारख्या), द्विसम (दोन सारख्या), त्रिसम (तीन सारख्या) आणि विषम (सगळ्या वेगळ्या). तीन बाजू सारख्या असलेल्याला वेगळं नाव आपल्या आजच्या पुस्तकात नाही, त्यांच्याकडे होतं. समांतर बाजूंना पहिलं स्थान देणारी आपली उतरंड ही एकच शक्य उतरंड नाही, हे मुलांना दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

वेड्यावाकड्या चौकोनात काहीच नियम नसतो का?

असतो, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. कसलाही चौकोन काढा, चारही बाजू वेगळ्या, एक कोपरा आत गेलेला असला तरी चालेल. बाजूंचे मध्यबिंदू घ्या आणि क्रमाने जोडा. दरवेळी समांतरभुज मिळतो. हे प्रमेय व्हॅरिन्यॉन या फ्रेंच गणितीच्या नावाने ओळखलं जातं.

सिद्धता नववीच्या मुलाला जमते. चौकोन अबकड घ्या आणि कर्ण अक काढा. त्रिकोण अबकमध्ये दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड अकला समांतर आणि अकच्या निम्मा. पलीकडच्या त्रिकोण अडकमध्येही तसंच. म्हणजे आतल्या आकृतीची एक जोडी समांतरही आहे आणि समानही, वर सांगितलेली चौथी वाट.

आतल्या आकृतीच्या बाजू मूळ कर्णांना समांतर आणि त्यांच्या निम्म्या आहेत, म्हणून पतंगाचे मध्यबिंदू जोडले की आयत मिळतो, आणि आयताचे जोडले की समभुज. समद्विभुज समलंबाचे मध्यबिंदू जोडून काय मिळतं ते आधी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, मग पट्टी घेऊन काढून बघा.